"तुम्ही तर घरीच असता नं?" : चित्र काढणाऱ्या बायका आणि चित्राचे पैसे घेणाऱ्या बायका

कूलरसमोर | नागपूर | १४ मे, दुपारी ३.१०

मागच्या आठवड्यात एका लग्नाच्या लॉनवाल्यांचा फोन आला. गेटशेजारची भिंत रंगवून हवी होती. ४० फूट लांब, ८ फूट उंच. पालखी, तुतारीवाले, नाचणारी वरात आणि एका टोकाला पिसारा फुलवलेला मोर. भिंत पाहून आले, हिशोब केला. ३२० चौरस फूट, फुटाला १५० रुपये, म्हणजे ४८,०००. त्यात प्रायमर, बाहेरच्या भिंतीचा रंग, वरून वॉर्निश, परांचीचं भाडं आणि मदतीला एक मुलगी. आकडा सांगितल्यावर पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग एकदम मोकळेपणानं, "मॅडम, रंगाचे पैसे आम्ही देऊनच राहिलो नं. बाकी तुम्ही तर घरीच असता."

मी घरीच असते हे खरं आहे. ए.टी.डी. (कलाशिक्षकाचा डिप्लोमा) करून २२ वर्षं झाली. मागच्या अंगणात पत्र्याची खोली आहे, तिथे एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास घेते आणि उरलेल्या वेळात अशी कामं करते. त्याच लॉनवर फ्लेक्स लावणाऱ्या पोराला मात्र कुणी विचारत नाही, की बाबा तू दुपारी कुठे असतोस.

राग आला, गेला. प्रश्न राहिला. चित्रं तर बायका कायमच काढत आल्या. नागपंचमीचा नाग, दिवाळीची रांगोळी, लग्नातलं रुखवत. मग चित्राची किंमत सांगणारी बाई कधी आली? क्लासला सुट्टी आहे, बाहेर ४५ अंश. कूलरसमोर बसून वाचत गेले, त्यातलं थोडं इथे टाकते.

इटलीतल्या क्रेमोनाची सोफोनिस्बा अँग्विसोला, जन्म १५३२च्या आसपासचा. घर खानदानी. बापाने मुलींना चित्रकला शिकवली, हिची रेखाटनं थेट मायकेलअँजेलोपर्यंत पोचली. १५५९ मध्ये ती स्पेनच्या दरबारात गेली. पद कोणतं? राणीची सखी. राजा-राणीची चित्रं तिने काढली, पण चित्राची किंमत म्हणून काही नाही. मिळालं ते सखी म्हणून: तनखा, दागिने, भेटी. सरदार घराण्यातल्या बाईने हाताच्या कामाचे पैसे घेणं कमीपणाचं होतं. हे वाचताना मला आमच्या कॉलनीतल्या गणपतीची सजावट आठवली. चार रात्री जागून मखर रंगवलं, शेवटी स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ. नारळाची चटणी छान झाली होती.

दुसरी बोलोन्याची लाव्हिनिया फोंताना (१५५२–१६१४). ही माझी आवडती. बाप चित्रकार, शिकली त्याच्याकडेच. १५७७ साली लग्न झालं ते हिशोब मांडूनच: ती चित्रं काढत राहणार आणि त्या कमाईवर घर चालणार. नवराही चित्रकलेतलाच, पण बेताचा. त्याने गिऱ्हाइकं आणि व्यवहार सांभाळले, शिवाय तिच्या चित्रांत बारीकसारीक मदतही करायचा. बोलोन्याच्या श्रीमंत बायका तिच्याकडून आपली चित्रं काढून घ्यायला उत्सुक असत. बाह्यांवरची जर, मोती, लेस ती अशी रंगवायची की कापडाचा भाव सांगता यावा. आणि हे करताना ११ बाळंतपणं. त्यातली तीनच मुलं तिच्या मागे राहिली. पश्चिमेकडे जिला पहिली पूर्ण व्यावसायिक चित्रकर्ती म्हणतात ती बहुधा हीच. मला दोन मुलांत ब्रश धुवायला सवड मिळत नव्हती.

तिसरी हॉलंडमधल्या हार्लेमची यूडिथ लेस्टर. १६३३ मध्ये तिला चित्रकारांच्या गिल्डमध्ये प्रवेश मिळाला. गिल्ड म्हणजे कारागिरांची पंचायतच समजा. आत असाल तर स्वतःची कार्यशाळा काढा, शिष्य ठेवा, फी घ्या. १६३५ मध्ये तिचा एक शिष्य थोड्याच दिवसांत तिला सोडून फ्रान्स हाल्सकडे गेला. हाल्स म्हणजे त्या गावातलं सगळ्यात मोठं नाव. बाईंनी फीसाठी तक्रार गुदरली! मागितलेल्याच्या निम्मेच, ४ गिल्डर (तिथलं तेव्हाचं नाणं), मुलाच्या आईकडून मिळाले. हाल्सलाही दंड झाला. क्लास घेणाऱ्या बायांनो, तीन महिन्यांची फी बुडवणारे पालक आठवा आणि या बाईला नमस्कार करा.

पुढची गोष्ट तितकी बरी नाही. १६३६ मध्ये लग्न झालं आणि त्यानंतरची तिची चित्रं अगदी थोडी सापडतात. मेल्यावर तर नावच गेलं. तिचं एक चित्र हाल्सचं म्हणून विकलं गेलं. १८९३ मध्ये सहीच्या जागी बारकाईने पाहिलं तेव्हा जे आणि एल ही अक्षरं आणि बाजूला एक तारा निघाला. लेस्टर म्हणजे दिशा दाखवणारा तारा, म्हणून ती नावापुढे तारा काढायची. हे उघड झाल्यावर चित्र घेणाऱ्यांनी काय केलं? भांडून किंमत कमी करून घेतली. चित्र तेच, रंग तेच.

आता आपल्याकडचं सांगा. चित्रकार बी. प्रभा आपल्याच भागातल्या, त्यांच्यावर कुणी लिहील का? आणि ४८,००० जास्त होतात का, तेही. खरं सांगा, मन राखू नका.

---

तर्रीपोहे | १४ मे, दुपारी ३.४२

बाप्पा! ताई, तुम्ही तं कूलरची हवा गरम करून टाकली. चित्र तेच अन् भाव कमी, हे तं जबरदस्त हाय. ४८ काही जास्त नाई. आमच्या दुकानाचा बोर्ड बनवाले गेलो तं नुसत्या लोखंडी फ्रेमचे किती घेतले विचारू नका. त्याले काहून नाई म्हटलं का भाऊ, तू घरीच असतो?

---

खडूस_पेन्सिल | पुणे | १४ मे, सायंकाळी ५.१५

लेख आवडला, पण एक शंका. "बाप चित्रकार म्हणून शिकली" हे बायकांपुरतं सांगून चालेल का? त्या काळात सोनार, सुतार, चितारी सगळे बापाकडेच शिकत. पुरुषांच्या बाबतीतही तेच होतं. मग यात बाई म्हणून वेगळं काय?

---

गेरू_आणि_चुना | नागपूर | १४ मे, सायंकाळी ६.३०

खडूस_पेन्सिल, ज्या मुलाचा बाप चित्रकार नाही त्याला दुसऱ्याच्या घरी शिष्य म्हणून ठेवता यायचं. बारा-तेरा वर्षांचा पोरगा, गुरूकडे राहायचा, रंग वाटायचा, त्याच्याच ओट्यावर झोपायचा. मुलीला असं परक्याकडे कोण ठेवणार? म्हणून मुलग्याला दोन दारं होती आणि मुलीला एकच, घरातलं. बाप चित्रकार निघाला तर नशीब.

परक्याकडून शिकण्याची जोखीम आर्तेमिसिया जेंतिलेस्कीच्या बाबतीत दिसते. बाप चित्रकारच, पण आगोस्तिनो तास्सी हा त्याचा सहकारी घरात येत-जात होता. १६११ मध्ये त्याने तिच्यावर बलात्कार केला. पुढच्या वर्षी खटला चालला आणि खरं बोलतेस का हे तपासायला तिच्याच बोटांभोवती दोऱ्या आवळल्या. चित्रकाराच्या बोटांभोवती! त्यानंतर ती फ्लॉरेन्सला गेली आणि १६१६ मध्ये तिथल्या अकादमीत घेतलेली पहिली बाई ठरली.

आपल्याकडेही सुरुवातीला तेच एक दार दिसतं. मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७चं. तिथे शिकून नाव काढलेल्या पहिल्या मुलींपैकी अंबिका धुरंधर (१९३१ची जी.डी. आर्ट, म्हणजे कलेचा सरकारी डिप्लोमा) ही चित्रकार रावबहादूर धुरंधरांची मुलगी. अँजेला त्रिंदाद ही चित्रकार त्रिंदादांची मुलगी. रवि वर्मांची बहीण मंगलाबाईसुद्धा चांगली चित्रकार होती. पण रवि वर्मांचं कॅलेंडर घरोघरी आणि मंगलाबाईंचं नाव किती जणांना ठाऊक?

---

खडूस_पेन्सिल | १४ मे, रात्री ८.०५

एकच दार, हे पटलं. मागे घेतो.

---

शंकरपाळे | १५ मे, सकाळी ९.२०

कलाकार म्हणजे फक्त चित्रकार का? नाटक-सिनेमात तर याहून गंमत आहे. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामती झाले ते साळुंके नावाचे पुरुष. १९१३च्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या. आणि मराठी रंगभूमीवर १९३३च्या 'आंधळ्यांची शाळा'...

---

कूलरसमोर | १५ मे, सकाळी ९.४५

शंकरपाळे, थांबा थांबा. नाटकात शिरलो तर धागा बालगंधर्वांपाशी जाऊन बसेल आणि उठणार नाही. वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देते.

---

पॅलेटवरची_माशी | १५ मे, दुपारी १२.१०

मी एका कॉलेजात कलेचा इतिहास शिकवते. इथे एक मुद्दा राहतोय आणि तो थेट पैशांचा आहे: नग्न मॉडेल.

युरोपातल्या अकादम्यांनी चित्रांची उतरंड लावली होती. सगळ्यात वर पुराणकथा आणि इतिहासाची भव्य चित्रं, मग व्यक्तिचित्रं, मग रोजच्या जगण्यातले प्रसंग, निसर्ग, आणि तळाला फुलं-फळं-भांडी. वरच्या पायरीला मान मोठा आणि कामंही मोठी. पण वीस माणसांचं युद्ध रंगवायचं तर शरीर कळायला हवं, ते कळायला नग्न मॉडेलसमोर बसून रेखाटनं करायला हवीत, आणि त्या वर्गात बायकांना प्रवेश नाही. म्हणजे आधी शिडी काढून घ्यायची आणि मग म्हणायचं, बायकांना फुलंच बरी जमतात.

लंडनची रॉयल अकादमी १७६८ची. संस्थापकांत दोन बायका होत्या, अँजेलिका काउफमान आणि मेरी मोझर. पुढे झोफानी नावाच्या चित्रकाराने सगळ्या सभासदांचं सामूहिक चित्र काढलं. प्रसंग मॉडेलच्या वर्गाचा, त्यामुळे दोघी संस्थापक असूनही तिथे बसलेल्या दाखवता येईनात. मग त्यांना भिंतीवरच्या तसबिरी केलं. जिवंत बायका, स्वतःच काढलेल्या संस्थेत, फोटोला हार घातल्यासारख्या! दर वर्षी मी हे चित्र वर्गात दाखवते आणि मुली आधी हसतात. या दोघींनंतर पूर्ण सभासद म्हणून निवडून आलेली पुढची बाई लॉरा नाइट, साल १९३६. मोजा, १६८ वर्षं.

तिथल्या शाळेत पहिली मुलगी शिरली ती चुकून. १८६० मध्ये लॉरा हरफर्डने चित्रांवर पूर्ण नाव न घालता नुसतं आद्याक्षर घातलं. त्यांना वाटलं मुलगा आहे, प्रवेश दिला. मग नियम शोधायला गेले तर मुलींना घेऊ नये असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. इतकं उघड होतं की लिहायची गरज वाटली नसावी.

पॅरिसची सरकारी कलाशाळा बायकांना उघडली १८९७ मध्ये. तोवर ज्यांना शिकायचं त्या खाजगी अकादमीत जात, ज्युलियनची त्यातली प्रसिद्ध. तिथे मॉडेलही मिळे. फी मात्र पुरुषांच्या दुप्पट.

तरीही फुलांवर कुणी हसू नका. ॲमस्टरडॅमची राखेल रौश दहा मुलांची आई, फुलंच रंगवायची, आणि दरबारी चित्रकार झाली. म्हातारपणी सहीखाली वय लिहायची.

---

उपाशी_बोका | १५ मे, दुपारी १२.५५

चित्रकर्ती की चित्रकार? लेखात दोन्ही दिसतंय.

कूलरसमोर | १५ मे, दुपारी १.०५

बिलावर चित्रकार. मराठीच्या पेपरात चित्रकर्ती.

---

महालातली_माणूस | नागपूर | १५ मे, दुपारी ४.३०

तुम्ही सगळे बोलोन्याला गेलात, मी जरा आपल्या महालातल्या चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, घेऊन जाते. नागपूरच्या या जुन्या वस्तीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना सांगायला नको. जुलै लागला की गणपती, मग देवी, आणि आमच्याकडे तान्हा पोळ्याचे लाकडी बैल रंगवायचे तेही. माझ्या आईची मैत्रीण तिथे सून म्हणून आली. माती भिजवणं, चाळणं, मळणं, गवताच्या पेंढ्या बांधणं, साच्यातून हात-पाय काढणं, घासून गुळगुळीत करणं, पांढरा हात मारणं, हे सगळं घरातल्या बायका करायच्या. ही बाई डोळेसुद्धा आखायची. डोळे म्हणजे मूर्तीतलं शेवटचं आणि सगळ्यात जोखमीचं काम. हात हलला तर मूर्ती रागीट दिसते. सासरे मोठी मूर्ती असली की तिलाच हाक मारायचे.

पाटीवर नाव सासऱ्यांचं, मग नवऱ्याचं, आता मुलाचं. मी एकदा तिला म्हटलं, काकू, डोळे तुम्ही काढता हे लोकांना माहीत आहे का? त्यांनी हातातली काडी खाली ठेवली नाही. म्हणाल्या, "गणपतीले माहीत हाय."

मला तेव्हा ते उत्तर फार थोर वाटलं होतं. हा धागा वाचून तितकं वाटेना.

---

तर्रीपोहे | १५ मे, दुपारी ४.४१

काकूले दंडवत. पण गणपती विसर्जन होऊन जाते नं, साक्ष द्याले कोण राहते?

---

काठावरची | डहाणू | १५ मे, रात्री १०.००

आमच्याकडची गोष्ट याच्याशी जुळते आणि उलटीही आहे. वारली लग्नात भिंतीवर चौक काढायचा मान सवाशिणींचा. तांदळाचं पीठ, बाहारीची काडी, गेरूची भिंत, मध्ये पालघाट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणार आणि सवाशिणी काढणार. हे काम बायकांचंच. १९७०च्या दशकात ही चित्रं कागदावर आली, बाजारात गेली, आणि जगभर जे नाव झालं ते जिव्या सोमा मशे यांचं. त्यांची चित्रं अफाट आहेत, प्रश्नच नाही. लग्नापुरती भिंत न धरता ते रोज काढत बसायचे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण भिंतीवर होतं तोवर काम बायांचं आणि कागदावर आल्यावर नाव बाप्याचं, हे झालंच.

आता बिहारमधलं मिथिला बघा. तिथेही भिंतीवर बायकाच काढायच्या. १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकला मंडळाकडून एक मराठी चित्रकार तिकडे पाठवला गेला, भास्कर कुलकर्णी. त्यांनी कागद दिला तो बायकांच्याच हातात. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावं झाली, १९७५ मध्ये जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली. आणि गंमत म्हणजे हेच भास्कर कुलकर्णी पुढे आमच्या वारली पाड्यांवर आले. माणूस तोच, कागद तोच. तिकडे बाईच्या हातात गेला, इकडे पुरुषाच्या. मला याचं पटण्यासारखं एकच कारण सापडत नाही. तिकडे दुष्काळात मजुरी बुडाली होती आणि बायकांनी चार पैसे आणणं घराला हवं होतं, हे एक असेल. आता आमच्या पाड्यात मुलीही विकायला चित्रं काढतात, पण भिंतीच्या चौकाचे पैसे मागत नाहीत. त्याला साडी मिळते.

---

पॅलेटवरची_माशी | १५ मे, रात्री १०.२५

काठावरची, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून लिहा, विनंती. याला जोडून भोपाळच्या भूरीबाई. तिथल्या भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजूर म्हणून गेल्या होत्या. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी विचारलं, तुमच्याकडे भिंतीवर काढता ते कागदावर काढाल का? भारत भवन १९८२ मध्ये उघडलं, भूरीबाईंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या घरी माती-विटा उचलायला येणाऱ्या बायकांना कुणी असं विचारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

---

उमरेड_रोड | नागपूर | १६ मे, सकाळी ७.५०

बी. प्रभांवर कुणी लिहीत नाही, मग मीच लिहितो. चित्रकलेतलं कळत नाही, पण गाव आमच्याकडचं.

नागपूरजवळच्या बेला गावी १९३३चा जन्म. आधी नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, मग मुंबईला जे.जे.मध्ये. १९५४-५५ मध्ये चित्रकला आणि भित्तिचित्रांचा डिप्लोमा केला. (भित्तिचित्रांचा! लॉनवाल्यांना सांगा.) १९५६ मध्ये शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी लग्न. म्हणजे प्रभा कुणा चित्रकाराची मुलगी म्हणून आत आल्या नाहीत, शाळेच्या दारातून आल्या. अमृता शेरगिल हे त्यांचं दैवत. विद्यार्थिनी असतानाच्या प्रदर्शनात होमी भाभांनी त्यांची तीन चित्रं विकत घेतली. अणुशास्त्रज्ञ भाभाच ते, चित्रांचे दर्दी होते.

त्यांची चित्रं ओळखायला सोपी. लांब मान, लांब हात, सडसडीत बायका, डोक्यावर टोपली, कोळणी, गावच्या बाया. मागे बहुतेक एकच रंग पसरलेला. कुणी हसत नाही. माझी बायको म्हणते, या आपल्याकडच्या बाया आहेत, फक्त मुंबईला जाऊन कोळणी झाल्या. ते तिचं मत.

आता पैशांचं. एअर इंडियाने चित्रं जमवायला सुरुवात केली ती १९५६ मध्ये, आणि सुरुवातीलाच यांची सहा चित्रं घेतली. एकेक ८७ रुपये ५० पैशांना. ऐकून हसू येतं, पण माझे वडील १९५७ला मास्तर झाले तेव्हा त्यांचा पहिला पगार ७५ रुपये होता, ते मरेपर्यंत सांगायचे. म्हणजे मास्तराच्या महिनाभराच्या पगाराहून जास्त, एका चित्राचे. तेही २३ वर्षांच्या बेल्याच्या मुलीला. शाल-नारळ नाही, रोख.

२००१ मध्ये त्या गेल्या. माझ्या शाळेत चित्रकलेचा तास होता. पाच वर्षं आम्ही माठ, फुलदाणी आणि सूर्योदय काढला. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी. बेला तिथून तासाभरावर. नाव कुणी घेतलं नाही.

---

गेरू_आणि_चुना | १६ मे, सकाळी ९.१५

उमरेड_रोड, कळत नाही म्हणता आणि "मागे एकच रंग पसरलेला" हे बरोबर पकडलंत.

शेरगिलचं थोडं जोडतो. १८९७ मध्ये बायकांना उघडलेल्या पॅरिसच्या त्याच कलाशाळेत ती शिकली. तिच्या 'यंग गर्ल्स' या चित्राला १९३३ मध्ये सुवर्णपदक मिळालं. १९४१ मध्ये लाहोरला तिचं निधन झालं तेव्हा अवघी २८ वर्षांची. २०२३ मध्ये तिचं 'द स्टोरी टेलर' ६१.८० कोटींना विकलं गेलं. ही रक्कम तिच्या उपयोगाची नव्हती हे सांगायला नको.

---

खडूस_पेन्सिल | १६ मे, सकाळी १०.४०

परत एक शंका, रागावू नका. आता तर कॉलेजात मुलीच जास्त दिसतात. अजून हा प्रश्न उरलाय का?

---

पॅलेटवरची_माशी | १६ मे, सकाळी ११.३०

रागावत नाही, पण उत्तर लांब नाही देत. माझ्या वर्गात मुली जास्त आहेत, बरोबर. पाच वर्षांनी फोन केला की त्यातल्या बऱ्याच जणी "सध्या ब्रेक घेतलाय मॅम" म्हणतात. मुलांपैकी कुणी ब्रेक घेतलेला मला आठवत नाही, ते बेकार असतात तेव्हा बेकार आहे म्हणतात. आणि अमेरिकेतलं एक जुनं उदाहरण: १९८९ मध्ये गुरिल्ला गर्ल्स नावाच्या गटाने न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयातली आधुनिक कलेची दालनं मोजली. चित्रकारांत बायका ५ टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रांत बायका ८५ टक्के. मॉडेलच्या वर्गाचं वर लिहिलंय ना, त्याचं हे पुढचं टोक.

---

हिशोबनीस | नागपूर | १६ मे, दुपारी २.००

इतिहास झाला असेल तर कामाचं बोलू? मी कर सल्लागार आहे, माझ्या बहिणीचं डिझाइनचं काम आहे, तिला जे सांगतो तेच सांगतो.

तोंडी आकडा सांगू नका. कागदावर द्या: कच्चा आराखडा वेगळा, भिंतीची तयारी वेगळी, चित्र वेगळं, परांची वेगळी. निम्मे पैसे आधी. आराखड्याचे पैसे काम मिळो न मिळो, घ्यायचेच. फोनवरून मोबाईलमध्ये आराखडा पाठवायचा नाही, तोच फ्लेक्सवाल्याकडून छापून लावतात, पाहिलंय. आणि घासाघीस सुरू झाली की भाव कमी करू नका, काम कमी करा. १५० चा फूट १०० ला दिला की तो कायमचा १०० चा झाला.

४८ बरोबर आहे. मे महिन्यातल्या उन्हात परांचीवर उभं राहायचं तर मी ६० म्हटलं असतं.

---

कूलरसमोर | १६ मे, दुपारी २.२०

हिशोबनीस, काल रात्री तुमचा प्रतिसाद असता तर बरं झालं असतं. मी आराखडा मोबाईलवर पाठवून बसले आहे. मोरासकट.

---

तर्रीपोहे | १६ मे, दुपारी २.२२

गेला मोर.

---

महालातली_माणूस | १७ मे, सायंकाळी ६.१०

काल चितारओळीत गेले होते. काकू आता ७८ वर्षांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डोळे नातसून आखते, कॉमर्स झालेली आहे. मी हा धागा फोनवर वाचून दाखवला. लेस्टरबाईची फीची तक्रार ऐकून काकू खूप हसल्या, मग विचारलं, "चार म्हणजे किती झाले?" मला सांगता आलं नाही. नातसून म्हणाली की ती स्वतःच्या लहान मूर्तींचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकते, तिच्या नावाने. सासऱ्यांना माहीत आहे. "पाहतात, लाइक नाई करत."

---

कूलरसमोर | १९ मे, सकाळी ११.०५

ताजी बातमी. कागदावर सगळं वेगवेगळं लिहून दिलं. वर नाव, खाली "चित्रकार", शेवटी सही. सहीपुढे तारा काढायचा मोह आवरला. मालक म्हणाले, एवढं जमणार नाही, ४० मध्ये करा. मी म्हटलं, ४० मध्ये होईल. पालखी, तुतारी, वरात सगळं येईल, मोर येणार नाही. मोराचा भाग मोजून ५३ चौरस फूट भरतो, तो तुमचा पांढरा राहील.

म्हणाले, मोराशिवाय भिंत कशी दिसेल? मी म्हटलं, पांढरी.

फ्लेक्सवाल्याकडे जाऊ का म्हणून विचारून पाहिलं, मी जा म्हटलं. दोन दिवस काहीच नाही. आज सकाळी त्यांच्या घरच्यांचा फोन आला, मालकीणबाईंचा, मालकांचा नाही. "मोर तर हवाच. २४ हजार आत्ता टाकते. काम सोमवारी सुरू कराल का? आणि सकाळी लवकर या, अकरानंतर तिकडे उभं राहवत नाही, मी रोज झाडांना पाणी घालते नं, मला माहीत आहे."

पैसे आले. हिशोबनीस, पावती कशी करायची ते आज संध्याकाळपर्यंत सांगा.